अणूची घाई आणि अणूचा विलंब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पदार्थविज्ञान शिकवत आणि विद्यार्थ्याने दिलेल्या प्रत्येक उत्तरावर ‘किती?’ असे विचारत. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून हे ऐकल्यावर मी विषयही ‘किती’चाच निवडला. अणू एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो, त्याला किती वेळ लागतो, आणि तेवढाच का लागतो, हा तो विषय.

मराठीतून असे काही सांगायला तंजावर प्रांताइतकी हक्काची जागा थोडी. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल सांगितला आहे, आणि तो एका भटक्या, भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडून. खंड, देश, समुद्र यांची नावे रंगभूमीवर मराठीत म्हणायला त्या काळी कुणाला अवघड वाटले नाही. मग दोनशे वर्षांनी क्वांटमबद्दल मराठीत बोलायला आपण का बिचकावे?

आपण संगीतकार त्यागराजस्वामींच्या गावात आहोत, तेव्हा सुरुवात तंबोऱ्यापासून करतो. तार नेमकी मध्यावर छेडली, तर ज्या कंपनांमध्ये तारेचा मधला बिंदू स्थिर राहतो ती कंपने उठायला नकोत. दुसरा, चौथा, सहावा स्वरांश गळून पडायला हवा. हा नियम यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जातो, आणि साध्या तारेला तो लागू पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म १८८८ सालचा, इथून कावेरीच्या वरच्या अंगाला असलेल्या तिरुचिरापल्लीतला. कलकत्त्यात काम करताना त्यांनी वीणा आणि तंबोरा तपासले आणि १९२१ साली लिहिले की या वाद्यांत तो नियम मोडतो. जे स्वरांश मुके असायला हवेत ते स्पष्ट ऐकू येतात. कारण घोडीत आहे. ती रुंद आणि किंचित वक्र असते, तार तिच्यावर टेकत-उचलत राहते, आणि खाली दोरा सरकवून जवारी लावली की हे टेकणे-उचलणे नेमके होते. घोडी एका कंपनातली ऊर्जा दुसऱ्या कंपनात पोचवते.

या उदाहरणातली एकच गोष्ट पुढे न्यायची आहे. कोणता स्वरांश किती उठेल हे तारेच्या अंगी लिहिलेले नसते. तारेच्या कंपनांचा आकार, छेडण्याची जागा आणि घोडी यांचा मेळ कसा बसतो, त्यावर ते ठरते. अणूच्या अवस्थांतराचा दरही असाच ठरतो. अणूच्या एकट्याच्या स्वभावात तो शोधायला गेलो की फसगत होते. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण ते आकड्यांनिशी सांगायचे आहे.

नील्स बोर यांनी १९१३ साली हायड्रोजनच्या अणूला ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्या दिल्या. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली आला की प्रकाश बाहेर पडतो, आणि त्याची वारंवारिता दोन पायऱ्यांतल्या फरकावरून मिळते. रंग कळला. तो केव्हा खाली येतो, हे मात्र बोर यांच्या चित्रात नव्हते.

१९१६ साली आइन्स्टाइन यांनी तो प्रश्न हातात घेतला. त्यांनी तीन प्रक्रिया मानल्या: प्रकाश शोषून वर जाणे, आजूबाजूच्या प्रकाशाने ढकलल्यामुळे खाली येणे, आणि कुणीही न ढकलता आपोआप खाली येणे. प्रत्येकीला एक गुणांक दिला आणि त्यावरून प्लँकचा प्रारणाचा नियम काढून दाखवला. तिसऱ्या प्रक्रियेचे रूप किरणोत्सारी ऱ्हासासारखे होते. दर सेकंदाला खाली येण्याची संभाव्यता ठरलेली, पण अमुक अणू अमुक क्षणीच का आला याला उत्तर नाही. क्षण आणि दिशा ‘योगायोगा’वर सोडावी लागते ही आपल्या सिद्धांताची उणीव आहे, असे त्यांनी त्याच लेखात नोंदवले. त्यांना ते आयुष्यभर पटले नाही.

संभाव्यता ठरलेली असणे याचा अर्थ नीट पाहू, कारण विद्यार्थी बहुधा इथेच अडखळतात. उत्तेजित अणूला वय नसते. आत्ताच वर गेलेला अणू आणि बराच काळ वर टिकून राहिलेला अणू, दोघांची पुढच्या क्षणी खाली येण्याची संभाव्यता सारखीच. माणूस म्हातारा होतो, यंत्र झिजते, अणूचे तसे काही होत नाही. एका अणूचे भाकीत करता येत नाही. अब्जावधी अणूंचा हिशेब मात्र चोख लागतो, आणि त्यातून घातांकी ऱ्हासाचा तो सुबक वक्र मिळतो. सरासरी आयुर्मान म्हणजे दराचा व्यस्तांक. हा दर मोजून कळतो, पण आइन्स्टाइनच्या मांडणीत तो गणिताने काढायची सोय नव्हती.

ती सोय पॉल डिरॅक यांनी १९२७ साली केली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यांनी अणूबरोबर प्रकाशालाही क्वांटमच्या नियमांत बसवले. मग ‘आपोआप’ या शब्दाचा अर्थ पालटला. रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशातही विद्युतचुंबकीय क्षेत्र असते आणि अणू त्याच्याशी जोडलेला असतो. या जोडणीमुळे ‘अणू वर, फोटॉन नाही’ ही अवस्था स्थिर राहत नाही. ती ‘अणू खाली, फोटॉन एक’ अशा असंख्य अवस्थांत झिरपत जाते. त्यातून मिळणाऱ्या दराच्या सूत्राला एन्रिको फर्मी यांनी शिकागोतल्या आपल्या व्याख्यानांत ‘सुवर्णनियम’ म्हटले आणि ते नाव चिकटले. गणित डिरॅकचे, नाव फर्मींचे.

सूत्र शब्दांत सांगता येते. सुरुवातीची अवस्था आणि शेवटची अवस्था यांना जोडणारी ताकद घ्या, तिचा वर्ग करा. ऊर्जेचा हिशेब जुळेल अशा शेवटच्या अवस्था किती दाटीने उपलब्ध आहेत ते पाहा आणि त्याने गुणा. वर दोन पाय भागिले प्लँकचा लघुकृत स्थिरांक. संपले.

पण दर स्थिर का येतो? क्वांटमच्या मूळ समीकरणात संभाव्यता सुरुवातीला वेळेच्या वर्गाने वाढते. मग ‘दर सेकंदाला इतकी’ अशी सरळ वाढ कुठून आली? ऊर्जा अगदी जुळणाऱ्या अवस्थेत जाण्याची संभाव्यता खरोखरच वेळेच्या वर्गाने वाढते. पण वेळ जातो तशी निवडही कडक होत जाते. सुरुवातीला ऊर्जेत बरीच तफावत असलेल्या अवस्थाही चालून जातात, नंतर थोडीही तफावत चालत नाही, आणि हा चालणारा पट्टा वेळेच्या व्यस्त प्रमाणात अरुंद होतो. उंची वेळेच्या वर्गाने वाढली, रुंदी वेळेने भागली गेली, क्षेत्रफळ उरले वेळेच्या प्रमाणात. क्षेत्रफळ म्हणजे एकूण संभाव्यता. म्हणून दर स्थिर. यासाठी शेवटच्या अवस्था दाट आणि सलग हव्यात. एकच अवस्था असती तर अणू खाली जाऊन पुन्हा वर आला असता आणि तसाच झुलत राहिला असता. परत न फिरणे हे या गर्दीतून येते. मला स्वतःला हा युक्तिवाद पुंजयांत्रिकीतल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो, आणि तो वर्गात घाईने उरकला जातो याचे वाईट वाटते.

सुरुवातीच्या त्या वर्गाने वाढणाऱ्या क्षणांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या इवल्या काळात पुन्हा पुन्हा निरीक्षण केले, तर प्रत्येक वेळी मोजणी शून्यापासून सुरू होते आणि अवस्थांतर रोखले जाते. १९७७ साली बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी हे मांडले आणि ग्रीक तत्त्वज्ञ झीनोचे नाव त्याला दिले. सुदर्शन केरळचे, मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी, पुढे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे संचालक. १९९० साली अमेरिकेत डेव्हिड वाइनलँड यांच्या गटाने बेरिलियमच्या आयनांवर हा परिणाम दाखवला.

आता गुरुजींचा ‘किती?’. हायड्रोजनचा एकच अणू घेऊ आणि त्यातली दोन अवस्थांतरे शेजारी ठेवू.

पहिले अवस्थांतर ओळखीचे. इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवरून, तिच्यातल्या ‘पी’ अवस्थेतून, तळाला येतो. तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर, जंबुपार प्रकाश, लायमन-अल्फा नावाचा. सरासरी आयुर्मान १.६ नॅनोसेकंद, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६३ कोटी या वेगाने हे घडते.

दुसरे तळाच्या पायरीच्या आतले. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघेही इवली चुंबके. त्यांची फिरकी एका दिशेला असेल तर ऊर्जा किंचित जास्त, उलट असेल तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की फोटॉन निघतो तो २१ सेंटीमीटरच्या रेडिओलहरीचा, वारंवारिता १४२० मेगाहर्ट्झ. याचे सरासरी आयुर्मान १ कोटी १० लाख वर्षे.

तोच अणू, तोच इलेक्ट्रॉन, आणि दोन दरांत तफावत सुमारे २ वर २३ शून्ये इतकी. हा आकडा पाहून माणूस दबकतो, पण सुवर्णनियम हातात असेल तर दोन ओळींत तो उलगडतो.

आधी जागेचा हिशेब. मोकळ्या अवकाशात फोटॉनला जायला किती वाटा आहेत, हे वारंवारितेच्या वर्गाने वाढते. शिवाय एकेका फोटॉनच्या क्षेत्राचा जोर वर्ग करून घेतला की तो वारंवारितेच्या प्रमाणात. मिळून घन. दोन तरंगलांबींचे गुणोत्तर सुमारे १७ लाख ३६ हजार. त्याचा घन येतो ५ वर १८ शून्ये, थोडा जास्तच. मग जोडणीचा हिशेब. पहिल्या अवस्थांतरात इलेक्ट्रॉनचा विद्युतभार अणूच्या आकाराएवढा हलतो. दुसऱ्यात काहीच हलत नाही, नुसते चुंबक पलटते, आणि या चुंबकाची प्रकाशाशी जोडणी विद्युत जोडणीच्या २७४ व्या हिश्श्याएवढी. सुवर्णनियमात वर्ग करायचा, म्हणून ७५ हजारांचा फरक. त्यातही पहिल्या अवस्थांतरात दोन अवस्थांचा मेळ पूर्ण नाही, त्याने हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो: सुमारे ४२ हजार. दोन आकड्यांचा गुणाकार करा. २ वर २३ शून्ये. विद्यार्थी मित्रांनी घरी कागदावर करून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे.

या दोन दरांच्या मधला दर असलेली अवस्थाही हायड्रोजनमध्ये आहे. दुसऱ्या पायरीवरची ‘एस’ अवस्था ऊर्जेने ‘पी’च्या अगदी लगत, पण तिचा आकार तळाच्या अवस्थेसारखाच गोल, त्यामुळे एक फोटॉन टाकून उतरण्याची जोडणी शून्य. तार मध्यावर छेडल्यावर सम स्वरांशांची गत होते तीच. मग हा अणू एकदम दोन फोटॉन टाकून खाली येतो आणि त्याला सेकंदाचा आठवा भाग लागतो. ‘निषिद्ध’ अवस्थांतर म्हणतात ते असे. निषिद्ध म्हणजे अशक्य नव्हे. दुसरी, आडवळणाची वाट.

एक कोटी दहा लाख वर्षे लावणारे अवस्थांतर कुणाला दिसणार? १९४४ साली जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये व्हॅन डी हुल्स्ट या तरुणाने गणित मांडले की दिसेल. एकेका अणूचा दर क्षुल्लक असला तरी एका सूर्याएवढ्या हायड्रोजनमध्ये अणूंची संख्या १ वर ५७ शून्यांहून अधिक असते, आणि दीर्घिकेत असे सूर्य कोट्यवधी. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरल्ड एवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी खिडकीबाहेर भोंग्यासारखा अँटेना लावून ती लहर पकडली.

आपल्याकडे तिचा सर्वांत मोठा पाठलाग जुन्नर तालुक्यात चालतो. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन हातांनी दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची सरासरी मोजली. एकट्या दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण की दिसत नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एक कोटी दहा लाख वर्षे हा आकडा मी अणूचा म्हणून सांगितला, पण तो पूर्णपणे अणूचा नाही. हे ज्याने पहिल्यांदा नेमके सांगितले तो मघाशी आलेला पर्सेलच. १९४६ साली एका छोट्याशा टिपणात त्याने लिहिले की रेडिओ वारंवारितेला अणुकेंद्राचे चुंबक मोकळ्या अवकाशात आपोआप पलटायला विश्वाच्या वयाहून कितीतरी जास्त काळ लागेल. पण त्याच पदार्थात धातूचे सूक्ष्म कण मिसळले, तर काम मिनिटांवर येईल. अणुकेंद्र बदलले नाही. फोटॉनला उपलब्ध असलेल्या जागा बदलल्या. पुढे १९८३ साली पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांच्या गटाने आरशांच्या पोकळीत अणू ठेवून त्याचा दर वाढवला, आणि १९८५ साली डॅनियल क्लेप्नर यांच्या गटाने उलट करून दाखवले: फोटॉनला जागाच ठेवली नाही, तर उत्तेजित अणू वरच थांबून राहिला.

असाच बदल निसर्गही करतो. विश्वात सगळीकडे महास्फोटाचे उरलेले प्रारण आहे, आज २.७ केल्विनचे. २१ सेंटीमीटरच्या फोटॉनची ऊर्जा तापमानात मोजली तर अवघी ०.०७ केल्विन. म्हणजे त्या वारंवारितेला अवकाश रिकामे नाही. प्रत्येक वाटेवर सरासरी ४० फोटॉन आधीच आहेत आणि ते अणूला खाली ढकलत असतात. आइन्स्टाइनची दुसरी प्रक्रिया. त्यामुळे खरा काळ येतो पावणेतीन लाख वर्षांवर. आणखी मागे जाऊ, पहिले तारे पेटले त्या सुमाराला. तेव्हा हे प्रारण ५० केल्विनच्या आसपास होते. तिथे हाच हिशेब पंधरा हजार वर्षे देतो. क्वांटमचे नियम तेच, हायड्रोजन तोच.

आणि त्या काळात आपल्या दोन अवस्थांतरांची गाठ पडली. पहिल्या ताऱ्यांतून लायमन-अल्फा प्रकाश बाहेर पडू लागला. हायड्रोजनचा अणू तो शोषून वर जातो, १.६ नॅनोसेकंदांत खाली येतो, आणि खाली येताना कधी कधी फिरकीच्या दुसऱ्या अवस्थेत उतरतो. घाईचे अवस्थांतर विलंबाच्या अवस्थांतराचे काम उरकून टाकते. वाउटहाउसेन यांनी १९५२ साली आणि जॉर्ज फील्ड यांनी १९५८ साली हे दाखवले. मग अणूंच्या दोन अवस्थांतले प्रमाण कुणाच्या हाती? जुने प्रारण, आपसातल्या टकरी आणि ताऱ्यांचा प्रकाश या तिघांत ज्याचा दर जास्त, त्याच्या. ताऱ्यांचा प्रकाश वरचढ ठरला की अणूंची विभागणी थंड वायूच्या तापमानाप्रमाणे होते आणि हायड्रोजन जुन्या प्रारणातला थोडा भाग शोषू लागतो. आज ती खूण विश्वाच्या प्रसरणाने ताणलेल्या लहरींत, शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास शोधावी लागते. एफएम रेडिओच्या पट्ट्यातच.

२०१८ साली ऑस्ट्रेलियात बसवलेल्या ‘एजेस’ या उपकरणाने ७८ मेगाहर्ट्झजवळ अशी खूण दिसल्याचे जाहीर केले, पण ती अपेक्षेच्या दुपटीहून खोल होती. काहींनी त्यातून अदृश्य द्रव्याचे नवे गुणधर्म काढले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या गटाने ‘सरस-३’ नावाचा अँटेना तराफ्यावर चढवला. जमिनीचे थर लहरींमध्ये ढवळाढवळ करतात, पाण्यावर तो त्रास कमी, म्हणून २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात त्यांनी मोजमापे घेतली. २०२२ साली त्यांनी छापले की ‘एजेस’ची ती आकृती आपल्या मोजमापांत नाही, आणि हे त्यांनी ९५.३ टक्के विश्वासाने सांगितले. म्हणजे ती खोल खूण बहुधा उपकरणाची होती. खरी खूण, तिघांपैकी कोण केव्हा वरचढ ठरला हे सांगणारी, अजून कुणाला मिळालेली नाही. तिचा शोध चालू आहे.